दारातली फट

फरश्या बोलायच्या आणि गवंडी त्यांचं ऐकायचे, तेव्हाची ही गोष्ट. गोदाक्कांच्या पुढच्या खोलीत नवी गुळगुळीत टाइल बसली. स्वयंपाकघरात जुनी शहाबादी फरशीच राहिली. दोघींच्या मध्ये, ऐन दारात, चार बोटं रुंद फट उरली.

इब्राहिमचाचा गवंडी दगडी पट्टी घेऊन आले. म्हणाले, "बायांनो, आपापली कड जराशी घासू द्या, म्हणजे पट्टी सपाट बसेल."

"मी कालच आलेय. लगेच मला कापणार?" टाइल फणकारली.

"चाळीस वर्षं हे घर अंगावर वागवलं मी. आता हिच्यासाठी झिजू?" शहाबादी म्हणाली.

चाचांनी दोन दिवस समजूत घातली. मग पट्टी भिंतीला टेकवून ते निघाले. "तुमचं ठरलं की बोलवा."

तिसऱ्या दिवशी आमटीचं पातेलं नेताना गोदाक्कांचा पाय फटीत अडकला. त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत.

"पाय तुझ्या कडेला अडकला," टाइल म्हणाली.

"डोकं तुझ्यावर आपटलं," शहाबादी म्हणाली.

आवाज ऐकून स्वयंपाकघरातून सून धावत निघाली. फटीकडे तिचं लक्ष नव्हतं. त्या दोघींचंही नव्हतं.