सात गोळ्या

एकदा एका तालुक्याच्या गावी, स्त्रियांच्या आजारांवर चाळीस वर्षे उपचार करीत आलेल्या एका वृद्ध डॉक्टरांकडे हेमांगी नावाची तरुण डॉक्टर शिकायला राहिली. वृद्ध डॉक्टरांना सारे गाव नुसते ‘बाई’ म्हणे. हेमांगी हुशार होती. पण जे आपल्याला उमगले नाही त्यामागे काहीतरी काळेबेरे असणार, असे तिला फार लवकर वाटे.

एका सकाळी दोन स्त्रिया एकच तक्रार घेऊन आल्या. योनिमार्गात असह्य खाज, जळजळ आणि दह्यासारखा पांढरा स्राव. बाईंनी दोघींना पडद्याआड तपासले आणि नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हेमांगीकडे दिले. दोन्हींत बुरशीच होती. पहिली होती शाळेतली शिक्षिका. तिला बाईंनी तोंडाने घ्यायची एकच गोळी दिली आणि ती गेली. दुसरी वीटभट्टीवर राबणारी सोनाबाई. औषध समजून घ्यायला तिची सासूही बाकावरून उठून आत आली. हेमांगीने आपणहून तीच गोळी सोनाबाईच्या हातावर ठेवली. बाईंनी ती मुकाट्याने उचलून खणात परत टाकली आणि तिला सात गोळ्या दिल्या, योनिमार्गात ठेवायच्या. रोज झोपताना एक. मधेच बरे वाटले तरी सातही पुऱ्या करायच्या.

हेमांगीच्या मनात पाल चुकचुकली. पांढरपेशीला एका घोटाचा उपचार, आणि जिच्या झोपडीला धड दार नाही तिला सात दिवसांचा खटाटोप? शिवाय आदल्याच दिवशी औषध कंपनीचा माणूस याच गोळ्यांचा खोका ठेवून गेला होता. सोनाबाईला घरी दिलेल्या कागदावर कारण लिहिलेले तिला दिसले नव्हते. दुपारी बाई जेवायला गेल्यावर तिने खोक्यावरची मुदतीची तारीखसुद्धा तपासली. तारीख ठीक होती, तरी संशय हटेना. तीन दिवस ती बाईंच्या प्रत्येक चिठ्ठीकडे चोरून पाहत राहिली. आपण करतो ते शोभत नाही हे तिला कळत होते, पण राहवत नव्हते.

चौथ्या दिवशी तिने सरळ विचारले, “बाई, त्या गोळ्या खपवायच्या होत्या का?”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून सोनाबाईचा दवाखान्यात ठेवलेला दुसरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. सोनाबाईला दुसरा महिना चालू होता. आधी दोनदा गर्भ पडला होता, म्हणून या खेपेस तिने घरात कुणालाच सांगितले नव्हते.

“पोटात मूल असताना ती तोंडाची गोळी आपण देत नाही,” बाई म्हणाल्या. “बुरशी दोघींची एकच होती, पण बायका दोन होत्या. पडद्याआड मी पाळीची तारीख विचारली, तेव्हा ती रडली आणि कुणाला सांगणार नाही असे वचन माझ्याकडून घेतले. घरी जाणारा कागद सासू दुसऱ्याकडून वाचून घेते, म्हणून त्यावर लिहिले नाही. तुला सांगायला हवे होते, ते राहिले. काल भट्टीवर तिला एकटीला गाठून तुला सांगायची परवानगी घेतली. आणि तू संशय घेतलास याचे मला वाईट वाटत नाही. डॉक्टरने संशयी असावेच. फक्त माझ्या खोक्यावर घेण्याआधी तो स्वतःच्या हातातल्या गोळीवर घ्यायला हवा होतास.”

हेमांगीचा चेहरा उतरला. आपण काय देऊन बसलो असतो, हे आता कुठे तिच्या ध्यानात आले.

आठव्या दिवशी सोनाबाई आली. खाज थांबली होती. हेमांगीने सासूला अदबीने बाहेर बसवले, पडदा ओढला आणि स्टूल सोनाबाईजवळ सरकवले. काय खाता, उलट्या होतात का, विटा उचलाव्या लागतात का, असे एकेक विचारीत ती बसली. सोनाबाई आधी दबकत, मग मोकळेपणाने बोलू लागली.

औषधाचे नाव पुस्तकात सापडते. ते कुणाला चालेल, हे मात्र जिला द्यायचे तिच्याजवळ बसूनच कळते.