खैरमाळच्या वेशीवरचा हलगीचा दगड

वेशीत शिरताना डाव्या हाताला हा जो सपाट काळा दगड दिसतो, त्यावर बसू नका. बसलात म्हणून कोप वगैरे काही होणार नाही, पण गावातल्या एखाद्या म्हातारीने बघितलं तर तुमची धडगत नाही. देवाचा दगड नाही तो. शेंदूर दिसतोय का कुठे? आम्ही त्याला हलगीचा दगड म्हणतो. खैरमाळात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. त्यातला कुणी लढाईत पराक्रम गाजवून पदक घेऊन आला, की गाव त्याला वेशीपर्यंत वाजतगाजत आणतं. इथे पोचलं की हलगीवाला आपली हलगी या दगडावर पालथी घालतो, आणि सगळे गप्प उभे राहतात. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. एका पाहुण्याने तर विचारलं होतं, वाजवणारा रुसला की काय. रुसला नाही बाबा. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

पहिल्या मोठ्या लढाईतली गोष्ट, असं सांगतात. इथले दोघे, रंगोजी आणि केरबा, बरोबरच भरती झाले आणि एकाच पलटणीतून समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याकडे गेले. केरबाची आई सगुणाक्का. नवरा लवकर गेलेला, पदरात हा एक मुलगा आणि एक मुलगी. रंगोजीला आई नव्हती, तोही तिच्याच चुलीपुढे जेवून वाढला. दोघे निघाले तेव्हा ती रडली नाही म्हणे. लवकर या, एवढंच म्हणाली.

केरबा तिकडे पडला. खबर पाटलाकडे आली तेव्हा सगुणाक्काच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. सांगावं तर घराला सुतक, म्हणजे लग्न राहिलं. पाटील आणि केरबाचा चुलता दोघांनी ठरवलं, अक्षता पडू देत, मग सांगू. अक्षता पडल्या. मग जत्रा आली, आणि देवाच्या कामात कशाला, म्हणून पुन्हा थांबले. जत्रा झाली, पण आता कुणाची जीभ उचलेना. पुढे पाटलाला वाटायला लागलं चुलत्याने सांगितलं असेल, चुलत्याला वाटायला लागलं पाटलाने सांगितलं असेल. सगुणाक्का मात्र आल्यागेल्याला विचारायची, लढाई सरली का. लोक म्हणायचे, सरेल आता. माणसं चांगली होती हो. एखादा वाईट असता तर त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं.

अशात रंगोजी यायचा सांगावा आला. त्याला बहादुरीचं मोठं पदक मिळालं होतं. गाव हरखून गेलं. बैलगाडी सजली, गुलाल आला, लखू हलगीवाल्याने हलगी शेकून तयार ठेवली. रंगोजीच्या मनात होतं, आधी गुपचूप सगुणाक्काच्या घरी जायचं. पण लोकांनी त्याला वाटेतच गाठला, गुलाल उधळला आणि उचलून गाडीत बसवला. तो काहीतरी सांगत होता, पण ऐकतो कोण? केरबाची खबर केव्हाच पोचली असेल आणि अक्का रडून मोकळी झाली असेल, असंच तोही धरून चालला होता.

गाडी या वेशीवर आली तेव्हा सगुणाक्का इथे उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचे दोन तुकडे. एक तुकडा तिने रंगोजीवरून उतरवून टाकला, पायावर पाणी घातलं. मग ती गाडीच्या मागे बघायला लागली. तिने काहीतरी विचारलं, ते हलगीत बुडालं. पुन्हा विचारलं. गर्दी नाचत होती आणि रंगोजी गाडीत दगडासारखा बसला होता. लखूला तिचे हलणारे ओठ दिसले. त्याने वाजवणं थांबवलं आणि हलगी समोरच्या दगडावर पालथी घातली. सगळीकडे एकदम शांत झालं.

"माझा केरबा कुठाय?" तिने विचारलं. "मागं ऱ्हायला व्हय?"

पाटलाने मान खाली घातली. चुलता मागच्या मागे सरकला. रंगोजी गाडीतून उतरला आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याने सगळं सांगितलं. केरबा गोळी लागून दोन्हीकडच्या खंदकांच्या मधल्या उघड्या रानात पडला होता. रंगोजी सरपटत गेला आणि गोळ्यांच्या वर्षावातून त्याला पाठीवर घेऊन आला. त्याच कामगिरीचं हे पदक.

"पाठीवर घेतला तवा बोलत हुता, अक्का," तो म्हणाला. "खाली उतरवला तवा न्हवता."

मग तिने विचारलं, काय बोलत होता.

"म्हनला, माझ्या आईला तूच सांग. दुसऱ्या कुनाला सांगू दिऊ नगो."

हे म्हणताना रंगोजी हमसून रडला. दिलेला शब्द त्याने असा गुलाल अंगावर घेऊन पाळला होता. त्याने छातीवरचं पदक काढून तिच्या हातात ठेवलं. तिने ते पदराने पुसलं आणि पुन्हा त्याच्याच हातात दिलं.

"म्हंजे तू त्येला टाकून न्हाई आलास," ती म्हणाली. "ह्ये तुजंच हाय. ठिव."

हातातला दुसरा तुकडा तिने कुणावरून उतरवला नाही. इथे हलगीशेजारी दगडावर ठेवला आणि घरी गेली. तो तुकडा गावातल्या एकाही कुत्र्याने उचलला नाही म्हणे. आता कुत्री ती कुत्री, पण माझ्या आजीने हे शपथेवर सांगितलेलं आहे, तेव्हा मी वाद घालत नाही.

दुखवटा सरल्यावर सगुणाक्का चावडीवर आली. पाटलाला ती एका शब्दाने बोलली नाही. एवढंच म्हणाली, "हितनं म्होरं कुनी असा बिल्ला लावून आला, तर आदी त्येला इच्यारा, मागं कोन ऱ्हायलं. त्येनं नावं घिऊ द्यात. मग वाजवा काय वाजवायचं त्ये." पुढे जगली तोवर ती स्वतःच वेशीवर येऊन विचारायची.

आजही पदकवाला गावात शिरण्याआधी इथे थांबतो. हलगी पालथी पडते, एक बाई पुढे होऊन विचारते, मागं कोण राहिलं. तो एकेक नाव घेतो. कुणी पंजाबातला, कुणी गढवालचा, कुणी पार तिकडे तमिळ मुलखातला. आम्हाला धड उच्चारता येत नाहीत, तरी सगळं गाव ती नावं त्याच्यामागून म्हणतं. मग हलगी वाजते. विचारण्याचा मान, ज्या घरचा मुलगा सगळ्यात अलीकडे लढाईत पडला त्या घरच्या आईचा. सध्या तो मान आमच्या घरी आहे. आमची मंडळी जाते आणि विचारते, आवाजसुद्धा कापत नाही तिचा. मला मात्र ते ऐकवत नाही, मी त्या दिवशी सकाळीच रानात निघून जातो.