बदली बैल

फार मागे, घाटात बैलगाड्या चालत तेव्हाची गोष्ट. हरण्या बैलाचा जोडीदार लंगडला, म्हणून मालकाने शेजारचा चांद्या आणून जुंपला. चांद्या जन्मभर जुवाच्या उजवीकडे चाललेला. इथे डावी बाजू आली, पाय अडखळू लागले.

"अरे बदली," हरण्या हिणवी, "चार दिवसांचा तू. नुसता सोबत चाल."

उतारावर हरण्याच घसरून गुडघ्यांवर पडला. भरली गाडी दरीकडे सरकू लागली. चांद्याने पाय रोवले आणि गाडी मानेवर तोलून धरली. मान सोलून निघाली.

हरण्या उठला. "एवढं का सोसलंस? तू तर बदलीचा."

"मी बदलीचा. ओझं कुठं बदलीचं होतं?"

महिन्याने जोडीदार बरा होऊन परतला. त्याने विचारले, "माझ्या जागी बदली कोण होता रे?"

"बदली नव्हता," हरण्या म्हणाला. "चांद्या होता."