उधळलेला पट

फार मागे, रानात बुद्धिबळाचा पट आला तेव्हाची ही गोष्ट. कोल्हा सशांना सहज हरवी, पण म्हाताऱ्या कासवापुढे त्याचं काही चालेना. हरला की शेपटीच्या फटक्याने तो मोहरे उधळून देई.

“अरे, मोडू नकोस. कुठे चुकलास ते बघू,” कासव म्हणे.

“गाडलेली मढी कशाला उकरायची, आजोबा? मांडा नवा डाव!”

वर्षं गेली. कोल्हा होता तिथेच राहिला.

एकदा हरून त्याने शेपटी उगारली, तर समोर कासवाची मान लोंबत होती. शेवटची खेळी करून ते गेलं होतं.

सुन्न कोल्हा एकेक खेळी मागे घेत गेला. वजीर घाईने बाहेर काढला होता. आपण दर डावात हेच करत आलो, हे त्याला आता दिसलं.

“आजोबा, चूक सापडली! मांडा नवा डाव!”

कासवाच्या उघड्या डोळ्यावरून मुंगी चालत गेली.