दौलूचा झटपट कोर्स

खडकओढा गावात एक भोळा गडी होता, दौलू चौगुले. भोळा हे मी म्हणतो. त्याची बायको हौसा दुसरा शब्द वापरायची, तो पोरांसमोर सांगण्यासारखा नाही.

दौलू गावच्या दूध डेअरीत कॅन उचलायचा. भरलेला कॅन चाळीस लिटरचा. अठरा वर्षं उचलून उचलून त्याची कंबर अशी झाली होती की वाकला की वाकलेलाच राहायचा. मग कुणीतरी हौसेला बोलावून आणायचं आणि ती त्याला सरळ करायची. माणूस मात्र लाखात एक. खोटं बोलायचा नाही, कुणाच्या काडीला हात लावायचा नाही, आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सांगितलं तस्संच करायचा. सगळा घोळ इथंच होता.

त्या वर्षी डेअरीतला टेस्टर निवृत्त व्हायचा होता. टेस्टर म्हणजे दुधाची फॅट तपासणारा. खुर्चीत बसून काम. ती खुर्ची दौलूच्या स्वप्नात यायची. डेअरीचे सचिव मगदूमसाहेब, त्यांनाही तिथं दौलूच हवा होता, कारण अध्यक्षांचा भाचा त्या खुर्चीवर डोळा ठेवून होता, आणि भाचा असा की घरच्या दुधातसुद्धा सवयीनं पाणी घालायचा. पण वरून नियम आला होता. टेस्टरकडे विज्ञानाच्या कोर्सचं सर्टिफिकेट पाहिजे. दौलू बारावी पास होता. कसा झाला ते विचारू नका, त्याच्या मास्तरांनाही माहीत नाही.

मगदूमसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाले, आता दोन-तीन वर्षं कॉलेज करत बसायला सवड नाही. झटपट होणारा कोर्स असतो, तो बघ आणि करून टाक. महिनाअखेरपर्यंत निदान प्रवेश मिळाला पाहिजे, नाहीतर खुर्ची भाच्याची.

"ध्यानात ठेवतो," दौलू म्हणाला.

आता कोर्स कुठं मिळतो हे दौलूला पक्कं ठाऊक होतं. मागच्या साली हौसेला टायफॉइड झाला तेव्हा तिनं एक केला होता. तो सरळ दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, कोर्स पाहिजे, झटपट होणारा. डॉक्टरांनी विचारलं, काय दुखतंय? दौलूला खरं बोलायची सवय. कंबर म्हणाला. डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला आणि बजावलं, मध्येच सोडायचा नाही. दौलूनं सोडला नाही.

सहाव्या दिवशी तो मगदूमसाहेबांसमोर ताठ उभा राहिला आणि कोर्स पूर्ण झाल्याचं सांगितलं. साहेब चकित झाले. एवढ्यात? आणि सर्टिफिकेट? दौलूनं खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कंबर मात्र जरा बरी होती, तेवढं कबूल केलं पाहिजे.

साहेबांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "अरे बाबा, कोर्स गिळायचा नसतो. शबानाच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर शोधायचा असतो. आणि हे बघ, त्यात फसवणारे लई असतात. पहिली गोष्ट विचारायची, मान्यता आहे का? नसली तर एक शब्द न बोलता मागं फिरायचं."

"ध्यानात ठेवतो," दौलू म्हणाला. आणि ठेवलं.

शबाना मुल्लाणी म्हणजे गावात नवीन आलेली सून. बी.एस्सी. झालेली. एस.टी. स्टँडसमोर तिनं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं होतं. दौलू दारात उभा राहिला आणि विचारता झाला, पोरी, मान्यता आहे का?

"कसली मान्यता, मामा," शबाना हसली. "हे दुकान टाकायला सासूबाईंचीच अजून नाही."

दौलू एक शब्द न बोलता मागं फिरला.

दुसऱ्या दिवशी परत गेला. दारातूनच विचारलं, आज? शबाना म्हणाली, नाही अजून. फिरला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तो शबानाच्या सासूच्याच दारात जाऊन बसला आणि म्हणाला, तुम्ही मान्यता द्या, माझी कंबर मोडलीय. सासूनं दोन्हींचा संबंध लावायचा प्रयत्न केला. लागला नाही. तिनं हौसेला बोलावणं धाडलं.

हौसेनं नवऱ्याला हाताला धरून घरी आणलं. तिनं त्याला सांगितलं की शबाना शिकलेली पोर आहे, आपल्यापेक्षा तिला जास्त कळतं. ती जे जे विचारील त्याला हो म्हणायचं. हो सोडून तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही.

"ध्यानात ठेवतो."

शबाना गुणी पोर. तिनं आधीच कोर्स शोधून ठेवला होता. दूधविज्ञानाचा, आठ आठवड्यांचा, घरबसल्या ऑनलाइन, आणि कॉलेजला मान्यता आहे हेसुद्धा तिनं दोनदा तपासलं होतं. ती फॉर्म भरायला बसली. नाव दौलू चौगुले? हो. बारावी पास? हो. इथपर्यंत सुरळीत होतं. दिव्यांग? हो. माजी सैनिक? हो. परदेशी नागरिक? हो. शबाना पडद्याकडे बघत होती, माणसाकडे नाही, त्यामुळं तिची बोटं चालू राहिली. पुरुष? हो. स्त्री? हो. तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

तिनं हौसेला फोन करून ती हो म्हणायची अट मागं घ्यायला लावली, आणि सगळा फॉर्म पुसून पहिल्यापासून भरावा लागला. शेवटी ती म्हणाली, आता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील. आणि इथं तिच्या हातून चूक झाली. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायची सवय होती म्हणून तिनं दौलूलाही सांगितलं, "मामा, असले आकडे कुणी म्हणजे कुणी विचारले तरी सांगायचे नाहीत. सख्ख्या भावाला पण नाही."

फोन वाजला. आकडे आले. शबाना म्हणाली, सांगा. दौलूनं फोन छातीशी धरला.

"कुणी म्हणजे कुणी," तो म्हणाला.

शबानानं समजावलं की मला चालतं. दौलूनं तिला विचारलं, तू काय माझ्या सख्ख्या भावापेक्षा जवळची? आकड्यांची मुदत संपली. दुसऱ्यांदा आले, दुसऱ्यांदा संपले. तिसऱ्यांदा आले तेव्हा शबाना हात जोडून म्हणाली, मला नका सांगू, कॉम्प्युटरला सांगा. दौलूनं विचार केला. कॉम्प्युटर काही कुणी नव्हे. तो पडद्याजवळ गेला, तोंडाला हात लावला आणि हळूच सांगितलं. दौलूचं हळू म्हणजे डेअरीतली हाक. समोर एस.टी.ची वाट बघत बसलेल्या चार बायकांनाही आकडे पाठ झाले. पण फॉर्म गेला.

आता राहिली प्रवेशाची परीक्षा. कॉलेजच्या मॅडम फोनवर प्रश्न विचारणार होत्या. शबानानं आठ पानं छापून दिली आणि म्हणाली, चार दिवस आहेत, नीट डोळ्यांखालून घाला.

दौलूनं घातली. चष्म्याची काच आणि गाल यांच्या मध्ये, एका डोळ्याखाली चार, दुसऱ्याखाली चार. पहिले दोन दिवस गाव विचारत होतं, डोळे आले का? हौसेनं ते पाहिलं आणि वैतागून म्हणाली, अवं, असं डोळ्यांखाली ठेवून काय होणार, डोक्यात शिरायला पाहिजे. मग दौलूनं पानं टोपीत घातली. वरून चाळीस लिटरचा कॅन ठेवला, म्हणजे नीट शिरतील. परीक्षेच्या दिवशी टोपी उलटी केली तर आत घामाचा लगदा निघाला.

हौसा त्या दिवशी खरोखर रडली. तिला मिरवायला खुर्ची नको होती. रोज त्या माणसाला कमरेत धरून सरळ करताना तिचा जीव तुटायचा, आणि अजून दहा वर्षं हे कसं करायचं तेच तिला कळत नव्हतं.

ठरल्या वेळी दुकानात फोन आला. शबाना, हौसा आणि मगदूमसाहेब श्वास रोखून बसले. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, आपलं नाव?

"कुणी म्हणजे कुणी," दौलू म्हणाला.

शबानानं फोन ओढून घेतला, नाव सांगितलं आणि परत दौलूच्या हातात दिला. पुढचे प्रश्न मात्र दुधाचे होते. दूध का नासतं? गायीच्या आणि म्हशीच्या दुधात फरक कसा ओळखायचा? सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाची फॅट वेगळी का लागते? दौलूला पानांची गरजच नव्हती. अठरा वर्षं तो दुधातच उभा होता. मॅडमनी विचारलं, दुधात पाणी घातलं तर लॅक्टोमीटर वर येतो की खाली जातो?

"खाली जातो," दौलू म्हणाला. "अध्यक्षांच्या भाच्याच्या दुधात तर बुडाला टेकतो."

मॅडम हसल्या. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि दौलूनं त्यांचीही उत्तरं दिली. महिना संपायला दोन दिवस असताना यादी लागली. दौलू चौगुले, पहिला.

काय सांगू तुम्हाला त्या दिवसाचं. मगदूमसाहेबांनी डेअरीसमोर सगळं गाव गोळा केलं. हार आला, नारळ आला. अध्यक्षांनी पण टाळ्या वाजवल्या, दातओठ खात वाजवल्या, पण वाजवल्या. साहेबांनी दौलूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दौलू, खुर्ची तुझी. सोमवारी कोर्स सुरू होतोय. आता एकच काम राहिलं. नाव काढ. तुझं नाव काढ, डेअरीचं नाव काढ, खडकओढ्याचं नाव काढ."

"ध्यानात ठेवतो," दौलू म्हणाला.

घरी हौसेनं ओवाळलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण या खेपेला आनंदाचं. ती म्हणाली, आता नाव काढा, माझं दुसरं काही मागणं नाही.

दौलू ओसरीवर बसून विचार करू लागला. त्याला हे विचित्रच वाटलं. यादीत नाव घालायला एवढा जीव काढला, आणि घातल्यावर दुसऱ्याच मिनिटाला सगळे म्हणतात काढ. डेअरीत कॅनचं झाकण काढलं की झाकण जातं. दुधावरची साय काढली की साय जाते. नाव काढलं तर काय होणार ते सरळच होतं. पण साहेब म्हणाले, गावानं टाळ्या वाजवल्या, हौसा तर रडली. एवढी माणसं काही उगाच सांगणार नाहीत. शिकलेल्या लोकांची रीत असेल. तेवढ्यात त्याच्या फोनवर कॉलेजचा निरोप आला. आपला प्रवेश निश्चित झाला आहे. यादीतून नाव काढायचे असल्यास एक दाबा.

म्हणजे कॉलेजचंही तेच म्हणणं होतं. दौलूची उरलीसुरली शंका फिटली. त्यानं एक दाबला.

सोमवारी सकाळी शबाना दुकान उघडून बसली आणि चप्पल न घालताच डेअरीकडे पळत सुटली. यादीत दौलूचं नाव नव्हतं. त्या जागेवर दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं होतं. मगदूमसाहेब तसेच उठून बाहेर आले, गलका ऐकून घरून हौसाही आली.

दौलू डेअरीच्या दारावर शिडी लावून चढला होता. हातात खुरपं. पाटीवरचा रंग खरवडून खरवडून त्यानं अर्ध्यावर आणला होता. पाटीवर आता फक्त "दूध" एवढंच उरलं होतं, आणि "ध"ला त्यानं हात घातलेला होता.

"दौलू," साहेबांनी शिडीखालून विचारलं, "यादीत तुझं नाव कुठाय?"

दौलूनं शिडीवरूनच कपाळावरचा घाम पुसला. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"माझं तर परवाच काढलं, साहेब. डेअरीचं हे बघा, निघतच आलंय. गावाचं तेवढं स्टँडवर दगडात कोरलंय, त्याला एकट्यानं जमणार नाही. छिन्नी आणि दोन माणसं द्या."