खोकणारे साप

एका राज्यात केर ठेवायला बंदी होती. राजा शुभ्रसेनाची आज्ञाच तशी. देवळातले निर्माल्य, शेतातला पाला, तेलघाण्याची पेंड, सारे रोज गाड्यांत भरून वेशीबाहेरच्या दरीत लोटत. राज्य इतके लख्ख की मुंगीनेही पाय पुसून यावे.

एकदा जटांत काटक्या अडकलेला एक मांत्रिक दरबारात आला. त्याच्या पायांची माती गालिच्यावर पडली, म्हणून राजाने त्यालाही केराच्या गाडीत बसवले. जाता जाता तो म्हणाला, "राजा, तुझ्या मातीला साप लागतील." आणि लागले. केसाहून बारीक, डोळ्यांना न दिसणारे. ते भाजीच्या मुळांत शिरत, मुळांना गाठी येत आणि भर पाण्यात रोपे माना टाकत. जमिनीला कान लावला तर त्यांचे घोरणे ऐकू येई. पाच वर्षांत राज्यातली भाजी संपली आणि राजा लोणच्यावर आला.

भिवरा माळणीकडे मात्र काटेरी वांग्याचे दोन चिमटी बी उरले होते. अख्ख्या राज्यात तेवढेच. "हे बी मोडू देऊ नकोस," एवढेच मागून तिची आई गेली होती. बी जुने झाले होते. यंदा पेरले नाही तर उगवणार नव्हते, आणि पेरावे तर साप टपलेले. भिवराला घास गोड लागेना.

एका सकाळी भारद्वाज पक्षी बांधावर उतरला आणि बोलू लागला.

"माळीणबाई, तीन गोष्टी मातीत गाडा. निंबोळीची पेंड, मोहरीचा हिरवा पाला, देवाच्या झेंडूच्या माळा."

"ते सारे दरीत जाते."

"दरीतूनच आणा. पण माळा ज्याच्या आज्ञेने फेकल्या, त्याच्याच हाताने वाफ्यात पडल्या पाहिजेत."

दरीत मांत्रिक ढिगावर बसला होता. भिवरा पेंडीला आली तेव्हा त्याने विचारले, "घाण वाटत नाही?"

"वाटते," ती म्हणाली आणि टोपली भरली.

पाल्याला आली तेव्हा विचारले, "किती नेशील?"

"वाफ्याला लागेल तेवढा."

माळांना आली तेव्हा तो हसला. "टाकणारा हात कुठून आणशील?" तिने माळांची टोपली डोक्यावर घेतली.

तिने पेंड आणि पाला गाडला, आणि राहवेना म्हणून त्याच दिवशी एक चिमूट बी पेरले. कोंब आले, जळून गेले. भिवरा वाफ्यातच बसून ढसाढसा रडली.

"घाई केलीत," भारद्वाज म्हणाला. "पाला कुजताना कोंबही जाळतो. वाफा भिजवा, झाका, तीन आठवडे थांबा."

तिने दुसऱ्या वाफ्यात पुन्हा पेंड आणि पाला गाडला, भिजवला, झाकला. चार दिवसांत असा वास सुटला की तो राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर गेला. नाकाला रुमाल लावून राजा शिपायांसह आला.

"हे उचला."

भिवरा वाफ्यात उभी राहिली. "महाराज, आधी मला उचलावे लागेल. एकदा कान लावून ऐका, मग काय ते करा."

राजा नाराजीनेच वाकला. मातीत घोरणे नव्हते. साप खोकत होते.

पाच वर्षांत राजा पहिल्यांदा हसला. भिवराने माळांची टोपली पुढे केली. "या तुम्ही फेकलेल्या. तुमच्याच हाताने टाका."

राजाने पहिली माळ दोन बोटांत धरली, दुसरी मुठीत. तिसरीपासून रुमाल कुठे पडला ते त्याला कळलेच नाही. शेवटची माळ पडली आणि खोकणे थांबले.

"आता पेर," राजा म्हणाला.

"आज नाही, महाराज. आता माळाही कुजू द्या."

तीन आठवडे राजा रोज सकाळी येऊन विचारी, "आज?" आणि ती रोज म्हणे, "आज नाही." बाविसाव्या दिवशी तिने शेवटची चिमूट पेरली. रोपे वर आल्यावर एक उपटून पाहिले. मुळे पांढरीशुभ्र, गाठ एकही नाही. ती मुळे कपाळाला लावून भिवराने आईला हाक मारली.

दरीकडे जाणाऱ्या गाड्या आता शेतांकडे वळल्या. मांत्रिकाला दरबारात बोलावून गालिच्यावर बसवले, पाय न धुता.

पहिले वांगे धरले त्या दिवशी राजा भाकरी घेऊनच वाफ्यावर आला.

"हे बियाचे," भिवरा म्हणाली.

राजाने भाकरी फडक्यात बांधली आणि दुसऱ्या वांग्याची वाट पाहत बांधावर बसला. भिवराचे बी जसे राहिले, तसे तुमच्याही घरचे राहो.