काठावरचा तांबडा रंग

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात भास्कर कुडले नावाचा नकाशे करणारा राहायचा. पंचायतीच्या मागच्या खोलीत तो आणि त्याचा संगणक, एवढाच संसार. फळीवर दोन कप होते. दुसऱ्यात कधी चहा पडला नव्हता.

गावातल्या नळांचा नकाशा त्याच्याकडे असे, पीडीएफमध्ये. नळ आलेलं घर निळं, न आलेलं तांबडं. वरच्या आळीतली अकरा घरं अजून तांबडीच होती.

एके दिवशी सरपंच सुभानराव आपणहून खोलीत आले. "भास्करभाऊ, एकटे काय बसता? संध्याकाळी कट्ट्यावर या की."

भास्कर गेला. लोकांनी सरकून जागा दिली. कुणीतरी हसता हसता त्याला टाळीही दिली. आठ दिवस तो रोज गेला. नवव्या दिवशी सरपंच हळूच म्हणाले, "परवा तालुक्याचे साहेब नकाशा बघणार. सगळं निळं दिसलं की योजना पूर्ण. तेवढी अकरा घरं निळी करून टाका. नुसता रंग तर बदलायचाय!"

योजना पूर्ण ठरली की वरच्या आळीला पाइप कधीच जाणार नाही, हे भास्करला कळत होतं. पण नाही म्हटलं तर कट्ट्यावरची जागा जाईल, हेही कळत होतं.

नकाशातल्या प्रत्येक घराला दोन रंग असतात. एक आत भरलेला, दुसरा काठाच्या रेघेचा. भास्करने अकरा घरं निवडून आतला रंग निळा केला. काठ तांबडेच राहिले. तेही तो बदलणार होता, पण हात थांबला. रेघ केसाएवढी, मोठं करून पाहिल्याशिवाय दिसणार नव्हती. 'काठ तरी खरा राहू दे,' असं मनाशी म्हणत तो कट्ट्यावर गेला आणि त्या संध्याकाळी सगळ्यांत मोठ्याने हसला.

साहेब नकाशा बघणार हे ऐकून दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतली ठकूमावशी रिकामा हंडा घेऊनच दारात उभी राहिली.

"नकाशात माझं घर दाव रे."

भास्करने पडद्यावर बोट ठेवलं.

"निळं म्हंजी?"

"नळ आला."

मावशीने हंडा संगणकापुढे आपटला. "मग भर की!"

"काठ तांबडाच ठेवलाय, मावशी," तो पुटपुटला.

"काठ काय चाटायचा?"

हंडा उचलून ती निघून गेली. भास्करने अकराही घरं पुन्हा तांबडी केली आणि नकाशा साहेबांकडे पाठवून दिला.

साहेबांनी काम पुरं करायचा हुकूम दिला. त्या संध्याकाळी कट्ट्यावर कुणी सरकलं नाही. "जागा नाही, भास्करभाऊ," सुभानराव म्हणाले. त्यांच्या शेजारी त्यांची पिशवी ऐसपैस बसली होती.

चार महिन्यांनी वरच्या आळीत पाणी आलं. तिथला गलका खोलीपर्यंत ऐकू येत होता. बोलवायला कुणी आलं नाही. भास्करने नकाशा उघडला. अकरा घरं निळी केली, मग एकेका घराचा काठही निळा केला. मोठं करून पाहिलं. कुठेच तांबडं उरलं नव्हतं.

मग उठून त्याने चहा केला. एक कप.

तात्पर्य: खरेपणा काठावर लपवून मनाची समजूत घालता येते, कुणाची तहान भागत नाही. ज्याला त्याची गरज आहे त्याला दिसेल असाच तो ठेवावा. त्यापायी एकटं बसावं लागलं तरी.